वाढीव रेडिएटर (घरगुती केंद्रीय तापन)

घरगुती केंद्रीय तापन प्रणालीच्या आधीपासून चालू असलेल्या नळजाळ्याला नवा रेडिएटर जोडणे, या कामाला वाढीव रेडिएटर बसवणे असे म्हणतात. केंद्रीय तापनात घरातील एकाच बॉयलरमध्ये पाणी तापवले जाते, ते नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवले जाते आणि उष्णता देऊन निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे आणले जाते. घराला खोली वाढवल्यावर, दोन खोल्यांची एक खोली केल्यावर किंवा एखादी खोली हिवाळ्यात पुरेशी उबदार होत नसल्यास वाढीव रेडिएटरची गरज भासते.

रेडिएटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. बॉयलरने दिलेली उष्णता तो खोलीत पोचवतो. त्यामुळे नवा रेडिएटर जोडणे म्हणजे उपलब्ध उष्णतेची व वाहत्या पाण्याची नव्याने वाटणी करणे होय. ही वाटणी हिशोबाने केली नाही, तर नवी खोली गरम होते आणि जुनी एखादी खोली थंड पडते.

महाराष्ट्राच्या हवामानात घरगुती केंद्रीय तापनाची गरज नसल्याने ही प्रणाली येथे प्रचलित नाही. ब्रिटन, जर्मनी व इतर थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा मात्र तिच्याशी रोजचा संबंध येतो. महाराष्ट्रात याच तत्त्वांचा प्रत्यय पाणी तापवण्याचा बंब आणि सौर जलतापक या साधनांत येतो.

कार्यतत्त्व

उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन मार्ग आहेत. रेडिएटर या नावाचा अर्थ प्रारण करणारा असा असला, तरी आधुनिक पत्र्याचे रेडिएटर आपली बरीचशी उष्णता अभिसरणाने देतात. रेडिएटरलगतची हवा तापून हलकी होते व वर जाते, तिची जागा खालची थंड हवा घेते आणि खोलीत हवेचा फेरा सुरू होतो. रेडिएटरच्या मागील बाजूस जोडलेल्या नागमोडी पत्र्यांमुळे हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ वाढते.

पाणी हे उष्णतेचे उत्तम वाहक द्रव्य आहे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.१८ किलोजूल उष्णता लागते आणि तितकेच पाणी १ अंशाने निवताना तेवढीच उष्णता परत देते. रेडिएटरमध्ये शिरणारे व बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानात २० अंशांचा फरक असेल, तर १ किलोवॅट उष्णता देण्यासाठी ताशी सुमारे ४३ लिटर पाणी त्यातून वाहावे लागते. फरक १० अंशांवर आला, तर तेवढ्याच उष्णतेसाठी ताशी ८६ लिटर पाणी लागते.

इतिहास

प्राचीन रोमन स्नानगृहांत व धनिकांच्या घरांत जमिनीखालील पोकळीतून भट्टीची गरम हवा खेळवली जात असे. या रचनेस हायपोकॉस्ट म्हणतात. कोरियातील ओंडोल पद्धतीतही चुलीचा गरम धूर फरशीखालून नेला जातो. गरम पाण्यावर चालणाऱ्या रेडिएटरच्या शोधाचे श्रेय सामान्यतः सेंट पीटर्सबर्ग येथील उद्योजक फ्रांझ सान गाली यांना दिले जाते. त्यांनी १८५० च्या दशकात असा रेडिएटर तयार केला.

आरंभीच्या प्रणालींत पंप नसे. तापलेले हलके पाणी आपोआप वर चढे आणि निवलेले जड पाणी खाली उतरे. त्यासाठी नळ्या जाड व उताराच्या ठेवाव्या लागत. पुढे विजेवर चालणारे छोटे पंप आल्यावर बारीक नळ्या वापरणे व रेडिएटर कोणत्याही उंचीवर बसवणे शक्य झाले. डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४० च्या दशकात तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारी रेडिएटर झडप विकसित केली. तिच्यामुळे प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखता येऊ लागले.

प्रणालीचे प्रकार

नळजोडणीच्या दृष्टीने केंद्रीय तापनाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

दुनळी प्रणाली: गरम पाणी नेणारी व निवलेले पाणी परत आणणारी अशा दोन स्वतंत्र नळ्या असतात. प्रत्येक रेडिएटरची एक बाजू पहिल्या नळीला व दुसरी बाजू दुसऱ्या नळीला जोडलेली असते. सर्व रेडिएटरना जवळपास सारख्याच तापमानाचे पाणी मिळते. वाढीव रेडिएटरसाठी हा प्रकार सोयीचा असतो.

एकनळी प्रणाली: एकच नळी घरभर फिरून बॉयलरकडे परतते. प्रत्येक रेडिएटर तिच्यातूनच पाणी घेतो व निवलेले पाणी तिच्यातच सोडतो. त्यामुळे शेवटच्या रेडिएटरपर्यंत पोचणारे पाणी बरेच निवलेले असते. वाटेत नवा रेडिएटर घातल्यास त्याच्या पुढील सर्व रेडिएटरना आणखी थंड पाणी मिळते.

पाण्याच्या दाबानुसारही दोन प्रकार होतात. जुन्या घरांत माळ्यावर एक लहान उघडी टाकी असते आणि पाण्याची तूट ती भरून काढते. नव्या घरांत प्रणाली बंदिस्त असते. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे ३ लिटरने वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठी बंदिस्त प्रणालीत रबरी पडदा असलेले प्रसरणपात्र बसवलेले असते. वाढीव रेडिएटरमुळे एकूण पाणी वाढते, म्हणून हे पात्र पुरेसे आहे की नाही, हेही पाहावे लागते.

उष्णतेचा हिशोब

रेडिएटर किती मोठा हवा, हे खोलीच्या केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता आणि रेडिएटरकडून मिळणारी उष्णता समान झाली की खोलीचे तापमान स्थिर राहते. उष्णता मुख्यतः बाहेरच्या भिंती, खिडक्या, छत, जमीन आणि फटींतून होणारी हवेची ये-जा यांवाटे जाते. भिंतीच्या वा काचेच्या १ चौरस मीटर क्षेत्रफळातून, आतबाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना, जितके वॅट उष्णता जाते त्या संख्येस उष्णतापारगम्यता गुणांक म्हणतात.

उदाहरणादाखल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी एक खोली घेता येईल. तिची एकच लांब भिंत बाहेरच्या बाजूस असून तीत २ चौरस मीटरची खिडकी आहे आणि वर, खाली व शेजारी तितक्याच उबदार खोल्या आहेत, असे मानू. विटांच्या साध्या ९ इंची भिंतीचा गुणांक सुमारे २ आणि एकेरी काचेचा सुमारे ५ धरला, तर:

भिंत: १० चौ. मी. × २ = २० वॅट प्रति अंश
खिडकी: २ चौ. मी. × ५ = १० वॅट प्रति अंश
हवेची ये-जा (खोलीतील हवा तासाला एकदा बदलते असे धरून): सुमारे १२ वॅट प्रति अंश
एकूण: ४२ वॅट प्रति अंश

ही खोली लंडनमध्ये आहे, बाहेरचे तापमान उणे ३ अंश आहे आणि आत २१ अंश हवे आहेत असे मानल्यास फरक २४ अंशांचा होतो व उष्णतेची गरज १,००८ वॅट, म्हणजे सुमारे १ किलोवॅट येते. हीच खोली नाशिक जिल्ह्यातील घोटी येथे असती आणि थंडीतील पहाटेचे तापमान १० अंश धरले, तर फरक ११ अंशांचा व गरज ४६२ वॅट भरली असती. तीही पहाटेच्या काही तासांपुरतीच, कारण दिवस वर आल्यावर ती उरत नाही.

आता लंडनमधील खोलीच्या भिंतीला उष्णतारोधक थर देऊन तिचा गुणांक ०.५ वर आणला आणि दुहेरी काचेची १.६ गुणांकाची खिडकी बसवली, तर एकूण आकडा ४२ वरून सुमारे २० वर येतो व गरज सुमारे ४८५ वॅट होते. म्हणजे उष्णतारोधनामुळे लंडनच्या थंडीतील खोलीची गरज घोटीतील साध्या खोलीइतकी कमी होते. वाढीव रेडिएटरचा विचार करण्यापूर्वी फटी बुजवणे व उष्णतारोधन करणे अधिक फायद्याचे का ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. फटी बुजवताना हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले झरोके मात्र बंद करायचे नसतात.

खोलीवर गच्ची किंवा उघडे छप्पर असल्यास छतातून जाणारी उष्णता या हिशोबात वेगळी मिळवावी लागते.

रेडिएटरचे आकारमान व पाण्याचे तापमान

युरोपीय मानकानुसार रेडिएटरची नोंदवलेली क्षमता एका ठरावीक स्थितीतील असते. पाणी ७५ अंशांना आत येते, ६५ अंशांना बाहेर पडते आणि खोलीचे तापमान २० अंश असते. म्हणजे रेडिएटरचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त असते. हा फरक कमी झाला की क्षमता त्याहून अधिक वेगाने घटते. फरक ३० अंशांवर आला, तर बहुतेक रेडिएटर नोंदलेल्या क्षमतेच्या साधारण निम्मीच उष्णता देतात.

उष्णता पंपावर चालणाऱ्या प्रणालीत पाणी ५५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तापमानाचे असते. अशा घरात वरील उदाहरणातील १ किलोवॅटच्या गरजेसाठी सुमारे २ किलोवॅट क्षमतेचा रेडिएटर घ्यावा लागतो. गॅस बॉयलरच्या जागी उष्णता पंप आणताना अनेक घरांत रेडिएटर वाढवावे किंवा बदलावे लागतात, त्याचे कारण हेच होय.

रेडिएटर परंपरेने खिडकीखाली बसवला जातो. थंड काचेला लागून खाली घसरणाऱ्या गार हवेच्या झोताला त्यामुळे अटकाव होतो. लांब पडदा रेडिएटरवरून खाली सोडल्यास किंवा सोफा त्याला टेकवून ठेवल्यास हवेचा फेरा अडतो. खोली थंड राहण्याचे कारण अनेकदा एवढेच असते व वाढीव रेडिएटरची गरजच उरत नाही.

बॉयलर, पंप व नळ्यांची क्षमता

मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवण्यास सुमारे २४ किलोवॅट लागतात. न्हाणीसाठी आयत्या वेळी पाणी तापवून देणारे बॉयलर याच कारणाने मोठ्या क्षमतेचे असतात आणि एका वाढीव रेडिएटरचा १ किलोवॅट भार त्यांना सहसा जड जात नाही. अडचण बहुधा नळ्यांत येते. १५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या तांब्याच्या नळीतून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी वाहत असेल आणि जाता-येतानाच्या तापमानात १० अंशांचा फरक असेल, तर ती सुमारे ६ किलोवॅट उष्णता वाहून नेते. वेग याहून वाढवल्यास घर्षण वाढते व नळ्या आवाज करू लागतात. म्हणून एखाद्या शाखेवर आधीच तीनचार मोठे रेडिएटर असतील, तर नवा रेडिएटर तिच्या टोकाला जोडण्याऐवजी जाड मुख्य नळीवरून घेतात.

जोडणीची पद्धत

दुनळी प्रणालीत कामाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

१. बॉयलर बंद करून पाणी पूर्ण निवू देतात आणि निचऱ्याच्या तोटीतून आवश्यक तेवढे पाणी काढतात.
२. भिंतीवर आधार बसवून रेडिएटर समपातळीत टांगतात. पोकळ भिंतीवर आधार आतील लाकडी चौकटीतच घट्ट करतात, कारण पाण्याने भरल्यावर रेडिएटरचे वजन बरेच वाढते.
३. जाणारी नळी कोणती व परतणारी कोणती याची खात्री करून दोन्हींना टी-जोड बसवतात. दोन्ही टोके चुकून एकाच नळीला जोडली गेल्यास रेडिएटर नीट गरम होत नाही.
४. एका टोकाला हाताने किंवा तापमानानुसार चालणारी झडप आणि दुसऱ्या टोकाला समतोलाची झाकणबंद झडप लावतात.
५. पाणी भरून खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील छिद्रातून हवा काढतात. वरचा भाग थंड व खालचा गरम असेल, तर हवा अडकलेली आहे असे समजतात.
६. बंदिस्त प्रणालीत थंड स्थितीतील दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात. नंतर प्रणाली पूर्ण तापवून प्रत्येक सांधा गळतीसाठी तपासतात.
७. काढलेल्या पाण्याबरोबर गेलेले गंजरोधक रसायन पुन्हा घालतात.

शेवटची पायरी वगळल्यास दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत. ताज्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू पोलादाला गंजवतो, त्यातून काळा गाळ तयार होतो व तो रेडिएटरच्या तळाशी साठतो. रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी थंड लागणे, हे गाळाचे लक्षण आहे.

समतोल

पाणी कमीत कमी अडथळ्याच्या वाटेने वाहते. पंपाजवळचे रेडिएटर त्यामुळे अधिक पाणी ओढतात व दूरचे उपाशी राहतात. नवा रेडिएटर जोडल्यावर ही विषमता बदलते, म्हणून सर्व प्रणालीचा समतोल पुन्हा साधावा लागतो. त्यासाठी जवळच्या रेडिएटरच्या समतोल झडपा बऱ्याच आवळतात, दूरच्या क्रमाक्रमाने सैल ठेवतात आणि प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या तापमानातील फरक सारखा येईपर्यंत हे काम चालते.

घरभराचे तापमान ठरवणारा तापनियंत्रक ज्या खोलीत असतो, तेथे वाढीव रेडिएटर बसवल्यास वेगळाच परिणाम दिसतो. ती खोली लवकर तापते, नियंत्रक बॉयलर बंद करतो आणि इतर खोल्या आधीपेक्षा थंड राहतात. त्याच खोलीत तापमानानुसार मिटणारी झडप लावल्यास उलट घडू शकते. झडप आधी मिटते, नियंत्रकाला हवे ते तापमान गाठले जात नाही आणि बॉयलर विनाकारण चालू राहतो. या खोलीतील रेडिएटरला म्हणून साधी झडप ठेवतात.

सामायिक इमारती

अनेक सदनिकांना एकाच तापनकेंद्रातून गरम पाणी मिळत असेल, तर रेडिएटर वाढवणे ही एका कुटुंबाची खासगी बाब राहत नाही. एकनळी उभ्या वाहिन्या असलेल्या इमारतींत एका मजल्यावर रेडिएटर मोठा केल्यास त्याच वाहिनीवरील पुढच्या घरांना कमी तापमानाचे पाणी मिळते. काम करताना संपूर्ण वाहिनी रिकामी करावी लागू शकते. अशा ठिकाणी इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी घेणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आणि मध्य रेल्वेच्या मार्गावर वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा परिसर मुसळधार पावसाचा व भातशेतीचा आहे. येथील थंडी पहाटेपुरती असते आणि पावसाळ्यात गारठ्यापेक्षा हवेतील ओल अधिक जाणवते. वर्षातील थोड्या तासांच्या गरजेसाठी बॉयलर, नळ्या व रेडिएटर यांचा खर्च परवडण्याजोगा नसतो. उष्णतेची रोजची घरगुती गरज आंघोळीच्या पाण्याची असते.

ही गरज भागवणारे महाराष्ट्रातील पारंपरिक साधन म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या मधोमध उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळीवर लाकडे, गोवऱ्या, कोळसा किंवा करवंट्या पेटवतात आणि धूर वरून निघून जातो. नळीभोवतीच्या जागेतील पाणी तापते. काही बंबांत वरून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते व तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर पडते. गरम पाणी वर व गार पाणी खाली, हे पंपाविना चालणाऱ्या जुन्या केंद्रीय तापनाचेच तत्त्व होय.

बंबाची जागा अनेक घरांत छपरावरील सौर जलतापकाने घेतली आहे. सपाट संग्राहकाच्या प्रकारात १०० लिटरच्या टाकीमागे सुमारे २ चौरस मीटर संग्राहक असतो आणि त्यातील पाणीही बहुधा पंपाशिवाय फिरते. एका जलतापकावर दुसरे न्हाणीघर जोडणे, हा प्रश्न वाढीव रेडिएटरच्या प्रश्नाशी जुळणारा आहे. टाकीतील ६० अंशांचे १०० लिटर पाणी २० अंशांच्या तितक्याच पाण्यात मिसळले, तर आंघोळीजोगे ४० अंशांचे २०० लिटर पाणी मिळते, म्हणजे २० लिटरच्या दहा बादल्या. दुसरी तोटी बसवल्याने अकरावी बादली तयार होत नाही. उलट नव्या नळीत पाणी अडकून निवते. आतील व्यास १५ मिलिमीटर असलेली १५ मीटर लांबीची नळी सुमारे २.६ लिटर पाणी धरते आणि गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक वेळी तेवढे पाणी सोडून द्यावे लागते. नळी आखूड ठेवणे व तिला उष्णतारोधक आवरण घालणे हा त्यावरचा उपाय आहे. पावसाळ्यात आकाश सतत ढगाळ असलेल्या घोटीसारख्या भागात सौर जलतापकाला विजेची जोड लागते.

सुरक्षितता

केंद्रीय तापनाचा महत्त्वाचा गुण म्हणजे ज्वलन राहत्या खोलीबाहेर ठेवता येते. खोलीत फक्त गरम पाणी येते, धूर येत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे मात्र प्राणघातक ठरू शकते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू निर्माण होतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावून शरीराचा प्राणवायूपुरवठा तोडतो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरपासूनही हाच धोका असतो. गीझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी बसवणे व जळालेला वायू बाहेर सोडण्याची सोय करणे हा त्यावरचा उपाय आहे.

ब्रिटनमध्ये गॅस बॉयलरचे काम व्यवसाय म्हणून करण्यासाठी गॅस सेफ नोंदवहीत नाव असणे कायद्याने आवश्यक आहे. ही नोंदवही २००९ मध्ये सुरू झाली. केवळ पाण्याच्या बाजूने रेडिएटर जोडताना गॅसची नळी हाताळावी लागत नाही, तथापि बॉयलरचे आवरण उघडणे किंवा त्याच्या ज्वलनभागात फेरफार करणे हे काम नोंदणीकृत कारागिराकडेच सोपवावे लागते. लहान मुले व वृद्ध यांच्या खोलीत रेडिएटरचा पृष्ठभाग पोळण्याइतका तापू नये, यासाठी पाण्याचे तापमान कमी ठेवून रेडिएटर मोठा घेतात किंवा त्याला हवा खेळेल असे संरक्षक आवरण लावतात. ओले कपडे रेडिएटरवर वाळवल्यास खोलीतील ओल वाढते, थंड भिंतींवर पाणी साचते व बुरशी धरते. म्हणून कपडे वाळवताना हवा बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते.